डब्यातला दवाखाना

मिस्त्रीने औषधवाल्याची कॉलर धरली आणि त्याला काउंटरवरून ओढून बाहेर काढला. त्याच्याबरोबर खोकल्याच्या बाटल्या आणि टूथपेस्टचे खोके धडाधड खाली आले. औषधवाला अंगाने भरलेला होता, पण मिस्त्रीने तीस वर्षं लोखंडी पत्रे उचलले होते. त्याला तो माणूस कपाटाच्या एका दारापेक्षा जड लागला नाही.

"काय दिलंस तिला?" असं त्याने विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच पहिला ठोसा घातला. "वर्षानुवर्षं काय दिलंस माझ्या बायकोला?"

दुसरा ठोसा भुवईवर बसला आणि कातडी फाटली. दुकानात एक म्हातारा चिठ्ठी घेऊन उभा होता. तो दोन पावलं बाजूला सरकला, पण आपला नंबर जाईल म्हणून दुकान काही त्याने सोडलं नाही.

"अरे, ऐक तरी!" औषधवाला हातांनी डोकं झाकत ओरडला. "तिने मागितलं ते दिलं. दोन लाल-काळ्या कॅप्सूल द्या म्हणायची, दोन दिल्या. एकदा म्हटलं, ताई, आधी डॉक्टरची चिठ्ठी आणा. तर दुसऱ्या दिवशी तूच आलास. याच जागेवर उभा राहिलास आणि म्हणालास, तू औषधं विकतोस की पोलीस चौकी चालवतोस? आठवतं का?"

मिस्त्रीला आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच त्याने तिसरा ठोसा जास्त जोरात मारला. औषधवाल्याचा दात हलला. रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं.

"मार," औषधवाला जमिनीवरून म्हणाला. "मला मारून घे. पण हॉस्पिटलात डॉक्टरला सांगितलंस का, ती घरी काय काय खात होती ते? ते सांगितलंस का?"

मिस्त्रीची मूठ वरच्या वर राहिली. त्याने ती तशीच खाली आणली, वळला, आणि बाटल्यांच्या काचा चपलेखाली चिरडत रस्त्यावर गेला. मागे म्हातारा औषधवाल्याला विचारत होता, "लागलं का हो फार? माझी बीपीची गोळी तेवढी देता का?"

नव्हतं सांगितलं.

बायको जाऊन सात आठवडे झाले होते. लघवीचं दुखणं मूत्रपिंडात गेलं, तिथून रक्तात गेलं. हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी खाटेशेजारी उभं राहून सरळ विचारलं होतं, याआधी घरी काही औषध घेतलं होतं का? आणि मिस्त्रीने सांगितलं होतं, "नाही हो मॅडम, काहीच नाही." मग मॅडमनी जे औषध सलाईनमधून सुरू केलं, ते त्याच जातीचं होतं जे ती दोन-दोन करून कित्येक महिने गिळत होती. तीन दिवस ते बाटलीतून थेंबथेंब जात राहिलं आणि तिच्या अंगातल्या जंतूंनी त्याला भीक घातली नाही. चौथ्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट आला, औषध बदललं, आणि पाचव्या दिवशी ती गेली. हे एकट्या मिस्त्रीला माहीत होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बारक्याला तर मुळीच नाही.

बारक्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मिस्त्रीच्याच कारखान्यात पत्रे कापायचा. नावाप्रमाणेच काटकुळा, पण तोंडाने दहा जणांना भारी. ताईवर त्याचा फार जीव.

कारखाना लोखंडी कपाटांचा होता. अकरा माणसं. एका बाजूला पत्रा कापायचं माणसाएवढं उंच यंत्र, मध्ये वाकवायचं यंत्र, पलीकडे वेल्डिंग, आणि शेवटी रंग भाजायची भट्टी. पत्र्याची ताजी कड वस्तऱ्यासारखी असते. आठवड्यात कुणाचा ना कुणाचा हात फाटायचाच. म्हणून कापायच्या यंत्राशेजारी फळीवर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा असायचा, आणि त्या डब्याचा एक नियम होता. कुणी डॉक्टरकडे गेला, त्याला सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, की दोन-तीन दिवसांत बरं वाटेपर्यंत त्याने खायच्या आणि उरलेल्या डब्यात टाकायच्या. दुसऱ्याच्या उपयोगी पडतील. गोळ्यांचा सगळा पत्ता एकट्याने संपवणारा माणूस तिथे हावरट ठरायचा. वेल्डरने एकदा घशासाठी दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत खाल्ल्या होत्या, तर वर्षभर सगळे त्याला म्हणत होते, "काय रे खादाडा, पाकीट तरी ठेवलंस का?"

डबा चालवायची मिस्त्रीची बायको. दुपारी नवऱ्याचा आणि भावाचा जेवणाचा डबा घेऊन ती यायची आणि येता येता फळीवरचा हा दुसरा डबा उघडून बसायची. रंगावरून गोळ्या निवडायची, चिंध्यांच्या छोट्या पिशव्यांत भरायची. लाल-काळी कॅप्सूल जखमेला. पिवळी घशाला. पांढरी लांबट पोटाला आणि लघवीच्या जळजळीला. नाव कुठलंच वाचायची नाही, कारण अर्ध्या गोळ्या पत्त्यातून कापलेल्या असायच्या आणि नाव दुसऱ्या अर्ध्यावर गेलेलं असायचं. कुणाचा हात कापला की ती लाल-काळी फोडून आतली पावडर जखमेवर भुरभुरवायची आणि दुसरी गिळायला द्यायची. मालकसुद्धा तिला "डॉक्टरीणबाई" म्हणायचा. ती लाजायची, पण तिला ते आवडायचं. डब्यात काही कमी पडलं की औषधवाल्याकडून आणायची.

स्वतःला त्रास झाला की ती फक्त दोनच घ्यायची. जळजळ थांबली की बस. "बाकीच्या राहू दे," म्हणायची, "कुणाला तरी लागतील."

दुकानातल्या मारामारीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी औषधवाल्याचे दोन भाऊ कारखान्यात आले. औषधवाला पोलिसांत गेला नव्हता. गेला असता तर चिठ्ठीशिवाय गोळ्या विकल्याचं आधी निघालं असतं. म्हणून भाऊ आले होते, आणि थोरल्याच्या हातात नळाचा पाईप होता.

"मिस्त्री कोण?"

"मी," मिस्त्री म्हणाला. तो पळणारा माणूस नव्हता.

पहिला पाईप खांद्यावर बसला. मिस्त्रीच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, फक्त हातातला हातोडा खाली पडला. दुसरा फटका मांडीवर बसला. तो गुडघ्यावर आला तशी धाकट्याने त्याच्या बरगडीत लाथ घातली. वेल्डर आणि रंगारी धावले, पण त्यांच्या आधी बारक्या पोचला. यंत्राच्या पाठीमागून त्याने थोरल्याच्या पाठीवर उडी घेतली आणि त्याच्या कानाला दातांनी धरलं.

"माझ्या दाजींना हात लावतोस? तुझ्या आयला!"

थोरला किंचाळला, गोल फिरला आणि त्याने बारक्याला अंगावरून झटकून फेकलं. बारक्या नुकत्याच कापलेल्या पत्र्यांच्या थप्पीवर पडला. सावरायला त्याने उजवा हात टेकला, आणि वरचा पत्रा त्याच्या तळव्यात करंगळीच्या मुळापासून मनगटापर्यंत शिरला.

रक्त आधी आलंच नाही. पांढरी फट दिसली, मग ती भरली, आणि मग पत्र्यावरून ओघळ जमिनीवर पडायला लागला. थोरल्याने ते पाहिलं आणि पाईप टाकून दिला. दोघे भाऊ निघून गेले.

"दाजी, डबा द्या," बारक्या म्हणाला.

"चल दवाखान्यात. टाके घालावे लागतील."

"टाके काय कपड्याला घालतात. रंगाऱ्या, डबा आण रे."

रंगाऱ्याने डबा आणला. बारक्याने लाल-काळी दातांनी फोडली, पावडर तळव्यात ओतली, वरून चिंधी करकचून बांधली आणि दुसरी कॅप्सूल पाण्याशिवाय गिळली. चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो हसत होता.

"ताई असती तर काय केलं असतं, दाजी? हेच ना?"

मिस्त्रीने डब्याकडे पाहिलं. हे औषध नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि का नको ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्याचा खांदा ठणकत होता. त्याने खाली वाकून हातोडा उचलला आणि कामाला लागला.

तिसऱ्या दिवशी बारक्याचा हात फुगला. बोटं एकमेकांना चिकटली, चिंधीतून पिवळं पाणी यायला लागलं आणि त्याला वास होता. तो डाव्या हाताने पत्रे ढकलत होता. अंगात ताप होता, डोळे लाल होते, आणि बडबड मात्र चालूच होती.

"लाल-काळीने बसत नाही म्हणून सकाळी पिवळी पण घेतली," तो रंगाऱ्याला सांगत होता. "दोन पांढऱ्या पण घेतल्या. कुठली तरी लागू पडेलच की! सगळ्यांनी मिळून मारायचं."

मिस्त्रीने त्याची बाही वर केली. मनगटापासून एक लाल रेघ निघून कोपरापर्यंत गेली होती, पेनाने ओढल्यासारखी.

तो वळला. फळीजवळ गेला, डबा उचलला, ऐरणीवर ठेवला आणि हातोडा डोक्याच्या वर नेला.

पहिल्या घावात झाकण आत गेलं. दुसऱ्यात डबा चेपला. चिंध्यांच्या पिशव्या फुटल्या आणि रंगीत गोळ्या ऐरणीवरून उडाल्या.

"अहो दाजी! वेडे झालात का?" बारक्या धावत आला. "ताईचा डबा आहे तो!"

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाला आणि तिसरा घाव घातला.

बारक्याने त्याच्या हाताला लटकून हातोडा हिसकावला. मिस्त्रीने त्याला कोपराने ढकललं. बारक्या परत आला, डाव्या हाताने त्याने मिस्त्रीच्या तोंडावर गुद्दा मारला, आणि दुसरा मानेवर. "तिची एकच गोष्ट राहिली होती इथे! एकच! ती पण तुला सहन होत नाही?" रागात तो दाजींना 'तू' म्हणायला लागला होता. दोघे जमिनीवर पडले. पत्र्याचा कीस पाठीत रुतत होता. मिस्त्रीने त्याला खाली दाबून धरला आणि दोन थोबाडीत दिल्या, अशा की आवाज भट्टीपर्यंत गेला. मग उठला, चेपलेला डबा आणि हाताला लागतील तेवढ्या गोळ्या गोळा केल्या, भट्टीचं खालचं दार उघडलं आणि ज्वाळेत फेकून दिल्या. जळक्या प्लास्टिकचा आणि कडू औषधाचा धूर निघाला.

बारक्या उठून त्याच्यावर धावला. तीन पावलं आला. चौथं पाऊल पडलंच नाही. गुडघे वाकले आणि तो आडवा झाला. दात वाजत होते.

"दार आणा," मिस्त्री ओरडला. "कपाटाचं दार आणा एक!"

रंग न दिलेल्या दारावर त्याला झोपवला, कपाटं पोचवायच्या टेम्पोत ठेवला आणि हॉस्पिटलात नेला. वाटेत शुद्धीवर येईल तसा तो मिस्त्रीला शिव्या देत होता. रंगारी म्हणाला, "शिव्या देतोय म्हणजे जिवंत आहे," आणि स्वतःच रडायला लागला.

डॉक्टर मॅडम त्याच होत्या. त्यांनी मिस्त्रीकडे एकदा पाहिलं, ओळखलं. चिंधी कापली. बारक्याची बायको तोवर पोचली होती. तिने तो हात पाहिला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"हात उघडून पू काढावा लागेल, आत्ताच," मॅडम म्हणाल्या. "धनुर्वाताचं इंजेक्शन देतेय. जंतूंचं औषधही लगेच सुरू करायचं आहे. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील, आणि तेवढा वेळ या हाताकडे नाही. कदाचित माणसाकडेही नाही. म्हणून विचारते. घरी काही औषध घेतलं होतं?"

"नाही मॅडम," बारक्या पडल्या पडल्या म्हणाला. "काही नाही. हे आत्ताच लागलं."

मिस्त्री खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्या नाकातून अजून रक्त येत होतं.

"घेतलं होतं," तो म्हणाला. "तीन दिवस. लाल-काळी दिवसाला दोन. एक फोडून जखमेवर. आज सकाळी पिवळ्या आणि पांढऱ्या पण. आणि आजचंच नाही मॅडम. दोन-चार महिन्यांतून कधी ना कधी हा घेतोच. आमच्याकडे सगळेच घेतात. एका डब्यातून. कुणीच पुरतं घेत नाही. बरं वाटलं की सोडून देतात. माझी बायको पण..." त्याने बाहीने नाकाचं रक्त पुसलं. "माझी बायको पण तशीच घ्यायची. लघवी जळजळली की दोन. वर्षभर. तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोललो."

मॅडम म्हणाल्या, "मला तेव्हा कळलं असतं तर मी पहिल्याच दिवशी वेगळं औषध दिलं असतं." आवाज चढला नव्हता. "अर्धवट औषधाने लेचेपेचे जंतू मरतात. तगडे उरतात, आणि मग त्यांचीच पैदास होते. पुढच्या खेपेला ते औषध त्यांच्यावर चालत नाही."

बारक्याला सगळं ऐकू आलं होतं. तो हळूहळू डाव्या कोपरावर उठला.

"तेव्हा सांगितलं नाहीस?"

"नाही."

"माझी ताई इथे मरत होती आणि तू सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं."

बारक्याने डाव्या हाताने खाटेशेजारचा सलाईनचा दांडा धरून फिरवला. लोखंडी दांडा मिस्त्रीच्या जबड्यावर बसला आणि फरशीवर आदळला. मिस्त्री भिंतीवर जाऊन पडला. हात वर केला नाही. नर्स ओरडली, वॉर्डबॉय धावला, त्यांनी बारक्याला दाबून धरलं. तो हातपाय झाडत होता आणि बायको त्याच्या छातीवर पडून "अहो, नका, नका," म्हणत होती.

"रंग सांगून मला काही कळत नाही," मॅडम त्या गोंधळात मिस्त्रीला म्हणाल्या. "लाल-काळ्या कॅप्सूल दहा औषधांच्या असतात. नावं पाहिजेत. त्या गोळ्या आणा."

"जाळल्या," मिस्त्री म्हणाला. "आत्ताच जाळल्या."

मॅडमनी डोळे मिटून उघडले. "मग कुठून घेतल्या होत्या तिथून नावं आणा. मी याला ऑपरेशनला घेते. पळा."

औषधवाला दुकानात होता. भुवईवर टाके, ओठ सुजलेला. थोरला भाऊ शेजारी स्टुलावर बसला होता, त्याच्या कानाला पट्टी होती. मिस्त्रीला बघताच तो उठला आणि काही न विचारता त्याने पोटात गुद्दा मारला.

मिस्त्री वाकला, पण काउंटर सोडलं नाही. "नावं लिहून दे," तो औषधवाल्याला म्हणाला. "लाल-काळीचं, पिवळीचं, पांढरीचं. तिला जे जे दिलंस ते सगळं. बारक्याचा हात सडलाय. डॉक्टरला नावं पाहिजेत."

"कुठल्या तोंडाने आलास रे?" थोरल्याने पाठीत कोपर घातला.

"याच तोंडाने. लिही."

"लिहून दिलं की ते माझ्याच गळ्याशी येईल," औषधवाला म्हणाला. "माझ्या अक्षरात, माझ्या कागदावर?"

"येईल. मी पण येईन पोलिसांत तुझ्याबरोबर. तुला मारलं ते पण सांगेन. आधी लिही."

थोरल्याने त्याचं डोकं धरून काउंटरच्या काचेवर आपटलं. काचेला तडा गेला. मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर अंधारी आली, तरी बोटं कडेला घट्ट होती. "लिही," तो म्हणाला. "लिही ना रे."

औषधवाल्याने पेन घेतलं. दोन ओळी लिहिल्या आणि थांबला. "दादा, जरा थांब मारायचा. काउंटर हलतंय. अक्षर बिघडलं तर माणूस मरेल."

थोरला थांबला. धापा टाकत उभा राहिला.

औषधवाल्याने आठ नावं लिहिली. मग फळीवरून एकेक पत्ता काढून नाव पुन्हा ताडून पाहिलं. कागद देताना तो हळू म्हणाला, "पांढरी शेवटी शेवटी दर पंधरा दिवसांनी न्यायची. माझ्या ध्यानात आलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू काच फोडली असतीस."

दोघांनीही तडा गेलेल्या काचेकडे पाहिलं. मिस्त्रीने कागद घडी न घालता मुठीत धरला आणि पळत सुटला.

मॅडमनी ऑपरेशनच्या खोलीच्या दारात उभं राहून कागद वाचला. तीन नावांवर काट मारली आणि नर्सला म्हणाल्या, "ही बाटली काढ. दुसरी आण." तेवढंच. दार बंद झालं. बारक्याची बायको बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. मिस्त्री बसायला गेला तशी ती उठून उभी राहिली. मग तोही उभाच राहिला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. बाकीचा हात राहिला. दोन दिवस ताप चढत-उतरत होता. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, तेव्हा मॅडम म्हणाल्या की जुनी तीन औषधं या जंतूवर चाललीच नसती. नवीन चालतंय. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्या सुरू करू, आणि बरं वाटलं तरी एकही चुकवायची नाही. हे त्यांनी बारक्याच्या बायकोला सांगितलं, मग बारक्याला सांगितलं, मग दारात उभ्या असलेल्या मिस्त्रीला पण सांगितलं.

मिस्त्री रोज यायचा आणि दारात उभा राहायचा. कुणी त्याला आत बोलावत नव्हतं, कुणी हाकलतही नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी बारक्याची बायको घरी आंघोळीला गेली होती. बारक्या उशीला टेकून बसला होता. समोर स्टीलच्या पेल्यात पाणी होतं, आणि कागदावर गोळी.

"आत या," तो म्हणाला. पाच दिवसांतला पहिला शब्द.

मिस्त्री आत गेला.

"एक विचारतो. मॅडमनी त्या दिवशी विचारलं तेव्हा ताई कुठे होती?"

"खाटेवर."

"जागी होती?"

जागी होती. डोळे टक्क उघडे होते. मॅडमनी विचारलं आणि मिस्त्रीने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चादरीखालून तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला. असा काढला की अंगातली उरलीसुरली ताकद तिने त्यातच घातली. तिच्या नजरेत सरळ लिहिलं होतं, सांगू नका, इथे या बाईंसमोर माझी शोभा करू नका. उद्या कारखान्यात मला डॉक्टरीणबाई कोण म्हणेल? तिला वाटत होतं उद्या आहे. आणि मिस्त्रीने त्या एका चिमट्यासाठी तोंड मिटलं होतं. ती गेल्यावर आठवडाभर दंडावरचा तो काळा डाग त्याने कपड्याखाली झाकून ठेवला होता. डाग गेला त्या दिवशी तो न्हाणीघरात बसून रडला होता.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "ग्लानीत होती. तिला काही कळत नव्हतं."

"म्हणजे ते तुमच्या एकट्याचं."

"माझ्या एकट्याचं."

बारक्याने डाव्या हाताने पेला उचलला आणि फेकला. पेला मिस्त्रीच्या कपाळावर लागला आणि काउंटरच्या काचेवर आपटून झालेली जखम पुन्हा फुटली. पाणी भिंतीवर, चादरीवर, गोळीच्या कागदाच्या कडेवर पडलं. बारक्याने पट्टी बांधलेला हात पुढे करून गोळी पटकन छातीशी ओढून घेतली, भिजू दिली नाही. तीन बोटांनी. तो रडत होता आणि शिव्या देत होता, आणि शिव्या संपल्या तरी रडत होता.

नर्स धावत आली. "काय झालं? रक्त कसलं?"

"खाटेचा कोपरा लागला," मिस्त्री म्हणाला.

नर्सने दोघांकडे पाहिलं, डोकं हलवलं आणि कापूस आणायला गेली.

बारक्याने नाक शर्टाला पुसलं. गोळी तळहातावर घेऊन तिच्याकडे बघत बसला. मग मिस्त्रीकडे न बघता म्हणाला, "गोळीची वेळ झाली. पाणी सांडलं सगळं."

मिस्त्रीने वाकून खाटेखालून पेला काढला. एका बाजूला चेपला होता. कपाळाला बाही लावत तो नळाकडे गेला, पेला विसळला, आणि पाणी भरून आणलं.